छोट्या गाड्यांचा नाद

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी केलेले भाषण)





कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय नुसता ‘छोटी गाडी’ असा छापला आहे, आणि कालपासून ज्येष्ठ मंडळी आम्हांला गोंदिया-जबलपूरच्या छोट्या लाइनीबद्दल विचारत आहेत. बालाघाटात छोटी गाडी म्हटली की नैनपूरकडे धुक-धुक करत जाणारी ती नॅरोगेजचीच गाडी डोळ्यांपुढे येणार. ती आता बंद झाली. तिच्या भाऊबंदांची इंजिने बघायची तर नागपूरला मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयात जावे लागते. आमची छोटी गाडी त्याहून बरीच छोटी आहे. ती तळहातावर मावते आणि धातूची असते.

आम्ही म्हणजे चौघेजण. दोघे बांधकाम खात्यातले, एक वनखात्यातला, एक मास्तर. चौघांची वये चाळिशीच्या पुढची. घरी मुले दहावी-बारावीला आणि बाप गाड्या जमवतो, म्हणून आमच्या घरची मंडळी काय म्हणतात ते इथे सांगत नाही. ती पहिल्याच रांगेत बसली आहेत.

पण हा नाद बाहेरून आलेला आहे असे आम्हांला वाटत नाही. नुकताच तान्हा पोळा झाला. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून, दुसऱ्या रघूजी राजांपासून म्हणतात, आपल्याकडे मुले लाकडी बैलाला चाके लावून मिरवतात. मोठ्या पोळ्याला खरा बैल सजवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याची छोटी प्रतिकृती. वर्षभर राबणाऱ्या बैलाचे लहान रूप मुलाच्या हाती द्यायचे आणि त्यालाही ओवाळायचे, ही आपली रीत. कित्येक घरांत आजोबांचा बैल नातवाकडे आला आहे, शिंगे दोनदा बदलली, रंग चारदा दिला, पण बैल तोच. आम्ही गाड्या जमवतो त्यात याहून वेगळे काही नाही. बैलानंतर ज्यांनी आपला भार वाहिला, त्यांची ही लहान रूपे.

आता इतिहास थोडा. इंग्लंडात लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघा मित्रांनी १९४७ साली कारखाना काढला आणि दोघांच्या नावांतली अक्षरे जुळवून त्याला ‘लेस्नी’ नाव दिले. आडनाव एक, पण नाते नव्हते. धंदा होता ओतीव सुट्या भागांचा. जॅक ओडेल नावाचा साचे करणारा हुशार कारागीर त्यांना येऊन मिळाला. या कारखान्याचे पहिले खेळणे कोणते असेल? रोड रोलर! साल १९४८. बांधकाम खात्यातल्या आम्हा दोघांना हे कळले त्या दिवशी आम्ही एकमेकांचे हात हातात घेतले. ज्या रोलरच्या मागे धूळ खात आमची निम्मी नोकरी गेली, त्याला कुणी तरी आधी मान दिला होता.

पुढची गोष्ट याहून छान आहे. ओडेलची मुलगी शाळेत जायची. शाळेचा नियम असा की काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणायचे. बापाने तिच्यासाठी पितळेचा इवलासा रोलर केला, रंगवला आणि काड्यापेटीत घालून दिला. वर्गातल्या सगळ्या मुलांना तो हवा झाला. त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ ही मालिका निघाली, आणि तिच्यातही पहिला क्रमांक रोलरचाच. त्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची छोटी बग्गी त्यांनी काढली, ती दहा लाखांवर खपली. हे सगळे एका मुलीच्या हट्टातून. मोठ्या कंपनीने बाजारपेठेचा अभ्यास करून काढलेली ही वस्तू नव्हे, म्हणूनच आम्हांला ती जवळची वाटते.

मग १९६८ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’ आणल्या. पहिल्या सोळा गाड्या. बारीक आस, कमी घर्षण, एका ढकलीत खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला. मॅचबॉक्सला पुढच्याच वर्षी आपली चाके बदलावी लागली. आज हे दोन्ही मार्के मॅटेलच्याच घरात आहेत.

आता थोडे आमच्या डिप्लोमाचे. पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंगच्या तासाला आम्ही स्केल घोकले, ते या नादात कामी आले. एकास चौसष्ट म्हणजे खऱ्या गाडीचा चौसष्टावा भाग. अॅम्बॅसॅडर सव्वाचार मीटरांहून थोडी लांब. त्या हिशेबाने ती पावणेसात सेंटिमीटर भरते. एकास त्रेचाळीसला दहा सेंटिमीटर. रिक्षा मात्र एकास चौसष्टला जेमतेम चार सेंटिमीटर, म्हणजे करंजीहून लहान. आता कंपन्यांची चलाखी बघा. पाकीट एकाच मापाचे, म्हणून बस असो की छोटी मोटार, सगळ्या तीन इंचांच्या आसपास बसवतात. बस आणि मोटार शेजारी ठेवली की दोघी जुळ्या बहिणी! ड्रॉइंगच्या सरांनी अशी शीट फाडून टाकली असती. आम्ही मात्र दोघींना वेगवेगळ्या फळीवर ठेवतो आणि डोळेझाक करतो.

धातूचेही सांगायला हवे, कारण आपला जिल्हा खाणींचा. या गाड्या ज्या मिश्रधातूच्या होतात त्याला ‘झामॅक’ म्हणतात. जर्मन भाषेतल्या जस्त, अॅल्युमिनिअम, मॅग्नेशिअम आणि तांबे या शब्दांची आद्याक्षरे. जस्त मुख्य, अॅल्युमिनिअम शेकडा चार, बाकीचे चिमूटभर. तो चारशे अंशांच्या आतच वितळतो, म्हणून पोलादी साच्यात दाबाने भरला की कमळासारखी नक्षीही स्वच्छ उठते आणि तोच साचा हजारो वेळा चालतो. पण जस्तात शिसे मिसळले गेले तर काही वर्षांनी वस्तू आतून तडकते, फुगते, हातात भुगा येतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक महागड्या खेळण्यांची अशी माती झाली. त्यातल्या चिमूटभर तांब्याला मात्र आम्ही आमच्यापुरते मलाजखंडचे समजतो. कुणी हरकत घेऊ नये.

हिंदुस्थानातही हे काम झाले. इंग्लंडच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी गाड्यांचे काही साचे कलकत्त्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ नावाने गाड्या निघाल्या. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर अशी एखादी पडली असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका.

पण आमची खरी तळमळ पुढेच आहे. दुकानात फेरारी मिळते, लॅम्बोर्गिनी मिळते. काली पुतली चौकात यांपैकी एकही कधी कुणी पाहिलेली नाही. ज्या गाड्या आपण पाहिल्या, ज्यांच्यात बसून आपल्या घरच्या लेकी सासरी गेल्या, त्या मिळत नाहीत. अॅम्बॅसॅडर उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत होत होती, मग थांबली. कुर्ल्याची प्रीमिअर पद्मिनी त्याआधीच गेली. १९९४ साली आलेली टाटा सुमो, जिला सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरे लाभली, एका मराठी अभियंत्याचे नाव आडगावापर्यंत पोचवणारी गाडी, तीही रस्त्यावरून दिसेनाशी झाली. निवडणुकीच्या ड्यूटीला मतपेट्या घेऊन लांजी-बैहरकडे जाणाऱ्या सुमो आठवतात ना? त्या गाडीची चांगली धातूची प्रतिकृती मिळावी म्हणून आम्ही गोंदिया आणि नागपूरचे सीताबर्डी पालथे घातले. शेवटी मागे ओढून सोडायच्या प्लास्टिकच्या गाड्यांवर समाधान मानले. कट्टर संग्राहक प्लास्टिकला हात लावत नाहीत. आम्ही लावतो. आपली गाडी प्लास्टिकची मिळाली म्हणून परकी होत नाही.

अशीच एक पांढरी अॅम्बॅसॅडर आम्ही एकदा इथल्याच एका निवृत्त सरकारी ड्रायव्हरकाकांना दाखवायला नेली. साहेबांच्या गाडीवर त्यांनी आयुष्य काढले. त्यांनी ती उलटी केली, खालून पाहिली, गिअर कुठे असतो ते बोटाने दाखवले. मग बोलायला लागले. पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला की गाडी कुठे थांबवायची, बैहरच्या घाटात इंजिन तापले की पाणी कोणत्या नाल्यातून आणायचे, लाल दिवा कधी लावायचा आणि कधी झाकायचा. दिवे २०१७ च्या १ मेपासून निघालेच. दीड तास गेला. त्यांचा नातू पुण्यात नोकरी करतो, सुटीला आलेला होता. तो दारात उभा राहून ऐकत होता. आजोबांना इतके बोलताना त्याने कधी ऐकलेच नव्हते, असे तो आम्हांला फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला.

आता पैशांचा विषय, कारण खाली तोच विचारला जातो. या छंदात हल्ली व्यापार शिरला आहे. पाकिटात कधी कधी ‘ट्रेझर हंट’ म्हणून दुर्मिळ गाडी येते. ती हुडकायला मोठ्या शहरांत लोक दुकान उघडण्याआधी रांग लावतात आणि चौपट भावाने विकतात. २०२० साली खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०. भाव चढले, तसे पाकीट न फोडण्याचे वेडही चढले. फोडले की किंमत गेली म्हणतात. आम्हा चौघांत यावरून दोन पक्ष आहेत. मास्तर पाकीट फोडत नाहीत. त्यांच्या भिंतीवर गाड्या खिळ्यांना टांगलेल्या आहेत, औषधाच्या दुकानासारख्या. बाकी तिघांचे म्हणणे असे की काड्यापेटीतला तो रोलर त्या मुलीने शाळेत पेटीतून बाहेर काढला नसता, तर यांतले काहीच घडले नसते. मास्तर ऐकून घेतात आणि पुढची गाडी टांगतात.

सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन टेबले मांडली आहेत. उजवीकडच्या टेबलावर मास्तरांच्या गाड्या आहेत, त्या लांबूनच बघायच्या. डावीकडच्या आमच्या आहेत. त्यांना मुलांनी हात लावायचा, जमिनीवर सोडायच्या, शर्यत लावायची. एखादी टेबलाखाली गेली तर स्वयंसेवकांना सांगा. आणि ज्येष्ठांपैकी कुणाकडे बोनेटवाल्या टाटा ट्रकचे खेळणे असेल, भरवेलीहून मँगनीज नेणाऱ्या ट्रकांसारखे, तर आरतीनंतर भेटा. विकत नको. नुसते बघू द्या, आणि तो ट्रक कुणाचा होता ते सांगा.