यंत्रांच्या ताफ्यांतील स्थानिक सांठा

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनीं इ. स. १६६४ मध्यें सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली. खाऱ्या पाण्यानें वेढलेल्या या किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. पण विहीर जागची हालत नाहीं. तहानलेल्यानेंच तिच्यापाशीं जावें लागतें.

संगणकांच्या ताफ्यांत हाच प्रश्न उभा राहतो. अशा ताफ्याचा कारभार पाहणाऱ्या एका प्रणालीचें नांव कुबरनेटीस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हणतील. हा तांडेल कंटेनरांत बंद केलेले कार्यक्रम आज या यंत्रावर, उद्यां त्या यंत्रावर बसवितो. कार्यक्रम हलतो, परंतु यंत्राच्या तबकडीवर लिहिलेली माहिती तेथेंच राहते. ती दूरच्या सामाईक सांठ्यांत ठेवावी, तर प्रत्येक वाचनाला जाळ्यावरून खेप पडते. म्हणून जलद काम करणाऱ्या माहितीकोशांना यंत्रांतलाच सांठा हवा असतो.

ही सोय २०१७ मध्यें प्रयोगादाखल आली आणि मार्च २०१९ मध्यें, १.१४ व्या आवृत्तींत, पक्की ठरली. तिची खरी किल्ली विलंबांत आहे. सांठ्याची जागा आधींच बांधून टाकली, तर नेमक्या त्याच यंत्रावर कार्यक्रमाला वाव नसावयाचा. म्हणून कार्यक्रम कोठें बसणार हें ठरेपर्यंत गांठ मारीत नाहींत. कोणत्या यंत्रावर किती जागा शिल्लक आहे, हें ड्रायव्हरानें तांडेलास कळविण्याची रीत २०२२ मध्यें, १.२४ व्या आवृत्तींत, कायम झाली. मोकळी झालेली जागा जुनीं अक्षरें पुसूनच दुसऱ्यास द्यावी, हें निराळें सांगावयास नको.

कठीण प्रसंग यंत्रच बंद पडण्याचा. सांठा त्याच्याशीं बांधलेला, त्यामुळें कार्यक्रम दुसरीकडे उठत नाहीं; ताटकळतो. यंत्र परत येणार असेल तर हें थांबणेंच हिताचें. तें कायमचें गेलें असेल, तर मनुष्यानें जुनी गांठ सोडून कोरी जागा द्यावी लागते, आणि तींत माहिती यावयाची ती दुसऱ्या यंत्रांवरील प्रतींतून. साधा स्थानिक ड्रायव्हर या प्रती करीत नाहीं. माहितीकोशानें त्या स्वतः राखावयाच्या असतात. विहिरींची उपमा येथें अपुरी पडते. एक बाव आटली तर दुसरीच्या पाण्यानें तहान भागते. एका रुग्णाची नोंद गेली तर दुसऱ्याची नोंद तिच्या उपयोगीं पडत नाहीं.

म्हणून जाणते कारभारी असा ड्रायव्हर कामास लावण्यापूर्वीं चालत्या कामांत एका यंत्राची वीज तोडून पाहतात: कार्यक्रम कोठें अडला, नोंदी किती वेळांत परतल्या, आणि मध्यरात्रीं उठविलेल्या माणसाला पुढें काय करावयाचें तें लिहिलेलें सांपडलें कीं नाहीं.