टोपलीत वाढणारा वेल



आज आपण रेडिओवरूनच एका बेटावर जाऊन येऊ. बेटाचं नाव सांतोरिनी. ग्रीस देशाच्या एजियन समुद्रात ते आहे. तिथले लोक त्याला थिरा असंही म्हणतात. या बेटावर पाहुण्यांना द्राक्षांच्या बागा दाखवतात, वाइन कशी होते ते समजावतात आणि घोटघोट चाखायला देतात. अशा दौऱ्यांसाठी लांबलांबून माणसं येतात.

तुम्ही म्हणाल, दारूच्या बाटलीनं आमच्या गावातली घरं मोडली आणि तुम्ही आम्हाला वाइन चाखायला कुठे नेता? प्रश्न बरोबर आहे. त्यावर मी आडपडदा न ठेवता बोलणार आहे. पण आधी बाग बघू. तिथला शेतकरी ज्या अडचणीत आहे, ती आपल्या ओळखीची आहे.

सांतोरिनी हे ज्वालामुखीचं बेट. साधारण ३६०० वर्षांपूर्वी तिथे फार मोठा स्फोट झाला. बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. उरलं ते चंद्रकोरीसारखं बेट. आतल्या बाजूला उभे कडे, बाहेरच्या बाजूला उतरती जमीन. त्या जमिनीवर राख, लाव्हा आणि हलक्या सच्छिद्र दगडाचा थर आहे. आपल्या काळ्या मातीशी तिचं काहीच नातं नाही. सेंद्रिय अंश फार थोडा, चिकणमाती जवळजवळ नाही. पाऊस वर्षाला ३०० ते ४०० मिलिमीटर, तोही हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा आणि वर समुद्रावरचा जोराचा वारा. माण, आटपाडी, जतच्या मैत्रिणी हे ऐकून म्हणतील, मग हे तर आमच्यापेक्षाही कोरडं!

अशा जागी द्राक्ष येतं कसं? दौऱ्यातला गाइड पाहुण्यांना सगळ्यात आधी बागेत नेतो, ते हेच दाखवायला. आपल्याकडे नाशिक, सांगली, सोलापूरकडे द्राक्षबाग म्हटली की लोखंडी अँगल, तारा, वर पसरलेला मांडव. तिथे यातलं काहीच नाही. वेल जमिनीलगत बसलेला असतो. दर वर्षी छाटणीच्या वेळी शेतकरी त्याच्या काड्या एकमेकींत गोल गोल विणतो. वर्षांमागून वर्षं विणत गेलं की जिवंत वेलाची टोपली तयार होते. या टोपलीला तिथे कुलुरा म्हणतात. घड टोपलीच्या आत वाढतात. वारा वरून जातो, उन्हाचा मारा पानांवर बसतो, घड आत सुरक्षित. रात्री समुद्रावरून दमट हवा आणि धुकं येतं, तो ओलावा सच्छिद्र दगड धरून ठेवतात. वेलाचं बरंचसं भागतं ते हिवाळ्यातल्या पावसावर आणि या ओलाव्यावर.

टोपली फार जुनी झाली की वेल वरून छाटून टाकतात आणि त्याच मुळातून नवी फूट धरतात. म्हणून वर दिसणाऱ्या वेलाच्या वयापेक्षा त्याची मुळं कितीतरी जुनी असतात. काही मुळं शेकडो वर्षांची आहेत, असं तिथले शेतकरी सांगतात.

आपल्याकडच्या बागाईतदारणींना आणखी एक गोष्ट ऐकायला आवडेल. आपण द्राक्षाचं कलम डॉगरिजसारख्या खुंटावर करतो, कारण आपल्याला पाण्याचा ताण आणि खारटपणा सोसणारं मूळ हवं असतं. युरोपात खुंट वापरतात ते दुसऱ्या कारणानं. तिथे एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीनं बागाच्या बागा संपवल्या. मग अमेरिकेतल्या द्राक्षांच्या खुंटावर कलमं करून त्यांनी शेती सावरली. सांतोरिनीच्या राखेच्या जमिनीत मात्र ही कीड जगत नाही. म्हणून तिथले वेल आजही आपल्याच मुळांवर उभे आहेत. ज्या जमिनीला नापीक म्हणावं, तिनंच हे जुने वेल वाचवले.

पण पीक किती येतं? आपल्याकडे चांगली बाग एकरी आठ-दहा टन माल देते. तिथे एकरी एक टन म्हणजे ठीक. काढणी ऑगस्टमध्ये, सगळी हातानं. टोपली जमिनीवर असल्यानं यंत्र चालत नाही, दिवसभर वाकून घड काढावे लागतात. खुरपणीला बसणाऱ्या बाईला त्या कमरेची कळ वेगळी सांगायला नको.

बाग बघून झाली की पाहुणे कानावात जातात. कानावा म्हणजे मऊ दगडात खोदलेली जुनी वाइनची खोली. आत उन्हाळ्यातही गारवा. तिथे टेबलावर ग्लास मांडलेले, जोडीला पाव, चीज, टोमॅटोची भजी, आणि फावा नावाच्या पिवळ्या डाळीचं घट्ट वरण. ही फावा आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या जातकुळीतली. टोमॅटोही बेटावरचेच, छोटे, पाण्याविना वाढलेले, म्हणून चवीला दाट.

आता चाखायची रीत. ग्लासात अगदी थोडी वाइन ओततात. आधी रंग बघायचा. मग ग्लास हलकेच फिरवून वास घ्यायचा. मग लहानसा घोट तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखा फिरवायचा. आंबट किती, गोड किती, तुरट किती, गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ राहते, याकडे लक्ष द्यायचं. क्रमही ठरलेला असतो. आधी हलकी, कोरडी पांढरी वाइन. ती असिर्तिको नावाच्या द्राक्षाची, चांगलीच आंबट, जरा खारट भासणारी. शेवटी गोड वाइन, कारण गोड आधी घेतलं तर पुढची चव कळत नाही. लाडू खाऊन चहा प्यायल्यावर चहा फिका लागतो, तसंच.

ही शेवटची गोड वाइन म्हणजे विनसांतो. तासगावच्या मैत्रिणींनी इथे कान द्यावेत. काढलेले घड उन्हात आठवडा-दोन आठवडे वाळवतात. मणी सुरकुततात, साखर दाट होते, मग रस काढतात. आपण बेदाण्यासाठी मणी शेडमध्ये वाळवतो, ते वाइनसाठी उन्हात वाळवतात. रस लाकडी पिंपांत किमान दोन वर्षं मुरतो. मण्यातलं पाणी उडून गेल्यामुळे रस थोडाच निघतो, म्हणून ती महाग.

टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं. ते थुंकण्यासाठी. चव घेऊन त्यात थुंकून टाकायचं, आणि यात कोणाचा अपमान होत नाही. चाखणं हा ज्यांचा व्यवसाय आहे, ते रोज हेच करतात. आता साधा हिशेब करू. एका दौऱ्यात दहा-बारा वाइन चाखायला देतात. एकेक जरी ५० मिलिलिटर धरली तरी १२ गुणिले ५० म्हणजे ६०० मिलिलिटर. एक बाटली ७५० मिलिलिटरची असते. म्हणजे जो सगळं गिळेल, त्याच्या पोटात अर्ध्या दिवसात जवळजवळ एक बाटली जाईल.

म्हणून दारूचा मुद्दा इथेच सांगते. वाइन फळाची असली तरी ती दारूच आहे. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं. दारूनं होणाऱ्या कर्करोगांत बायकांच्या स्तनाचा कर्करोगही येतो. गरोदर बाईनं, अंगावर पाजणाऱ्या आईनं, औषधं चालू असलेल्यांनी घेऊच नये. थोडी वाइन तब्येतीला चांगली, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपल्या राज्यात ज्या गावांतल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांचा निर्णय त्यांच्या अनुभवातून आलेला आहे. या भाषणामुळे त्यात काही बदलावं, असं मला मुळीच वाटत नाही.

मग या दौऱ्यातून घ्यायचं काय? तिथल्या शेतकऱ्याची झुंज समजून घ्यायची.

सांतोरिनी अवघं ७६ चौरस किलोमीटरचं. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, पण वर्षाला तीस लाखांवर पाहुणे येतात. १९५६ साली तिथे मोठा भूकंप झाला, पुष्कळ लोक बेट सोडून गेले. पुढे पर्यटन वाढलं आणि पैसा आला. पण त्याच पैशानं जमिनीचे भाव चढले. एकरी एक टन द्राक्ष देणारी जमीन हॉटेलवाला एका फटक्यात विकत घेऊ शकतो. पोरांना वाकून काढणी करण्यापेक्षा हॉटेलात नोकरी बरी वाटते. त्यात पाण्याची ओढ. पाहुण्यांसाठी समुद्राचं पाणी गोडं करून पुरवावं लागतं. गेल्या काही वर्षांत उन्हाळे कडक झाले आणि २०२३ व २०२४ मध्ये पीक फारच घटलं. द्राक्षाखालची जमीन पूर्वीपेक्षा कितीतरी कमी झाली आहे. शंभर वर्षांची टोपली उपटली, तर ती पुन्हा विणायला तीन पिढ्या लागतील.

म्हणजे पाहुणाच जमिनीवर दाब आणतो, आणि बाग टिकवायची तर पैसाही पाहुण्याकडूनच मिळवावा लागतो. या पेचात हा दौरा उभा आहे. अर्ध्या दिवसाला माणशी शंभर युरो किंवा त्याहून जास्त घेतात. आपल्या पैशात दहा हजारांच्या आसपास. पाहुणा वेल बघतो, टोपली बघतो, काढणीचे कष्ट ऐकतो, आणि मग बाटलीची किंमत त्याला जास्त वाटत नाही. त्याला ती पटते.

दुसरी गोष्ट एकीची. बेटावर १९४७ सालापासून शेतकऱ्यांचा सहकारी संघ आहे. सुमारे बाराशे सभासद. वाइनबरोबर फावा आणि टोमॅटोही संघ विकतो. सांतोरिनी हे नाव कोणत्या वाइनला लावायचं, याचे नियम १९७१ पासून आहेत. द्राक्षं बेटावरचीच हवीत. बाहेरचा माल आणून बेटाच्या नावानं विकता येत नाही.

आपल्याकडेही अशी नावं आहेत. सांगलीचा बेदाणा, नाशिकची द्राक्षं, मंगळवेढ्याची ज्वारी, कोल्हापूरचा गूळ, जळगावची भरिताची वांगी, यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. नाशिकजवळ वाइनचे दौरे चालतातच. पण चाखायला वाइनच लागते असं कुठे आहे? गुऱ्हाळावर उसाचा रस, काकवी, पाक आणि ताजा गूळ क्रमानं चाखता येतो. ज्वारीच्या शेतात हुरडा, नंतर भाकरी, नंतर आंबील. बेदाण्याचे चार प्रकार एका ताटात मांडून हिरवा, पिवळा, काळा असा फरक दाखवता येतो.

गटानं असं काही करायचं मनात आणलं, तर बेटावरच्या माणसांकडून चार गोष्टी घ्या.

एक, पाहुण्याला आधी शेतात न्या, ताट नंतर. पीक कसं आलं हे कळल्यावर चव निराळी लागते.

दोन, एका वेळी आठ-दहाच माणसं घ्या. गर्दी झाली की सांगणाऱ्या बाईचा आवाज पोचत नाही आणि पिकाचीही नासाडी होते.

तीन, माणशी पैसे आधी ठरवा आणि मोकळेपणानं सांगा. माहिती सांगणाऱ्या बाईची मजुरी त्यात धरा. आपण स्वयंपाकाचे पैसे मागतो, पण दोन तास उभं राहून बोलण्याचे मागत नाही. तेही काम आहे.

चार, खरं तेवढंच सांगा. बाजारातून आणलेला गूळ आमचा म्हणून देऊ नका. एकदा पाहुण्याच्या ध्यानात आलं की नाव जातं, आणि ते एका घराचं जात नाही, सगळ्या गावाचं जातं.

आणि एक मर्यादा आधीच आखून घ्या. किती पाहुणे, किती दिवस, किती पाणी. आपली विहीर आधी गावाची, मग पाहुण्याची. सांतोरिनीच्या लोकांना हे आता, बरीच जमीन हातची गेल्यावर, ठरवावं लागतं आहे. आपल्याला आधी ठरवता येईल.

पुढच्या बैठकीत गटानं दोन प्रश्नांवर बोलावं. आपल्या गावात असं काय पिकतं की ज्याची चव आपल्या मातीमुळे वेगळी आहे? आणि ते पिकवणारी जमीन विकायची वेळ येऊ नये म्हणून त्या पिकाला किती भाव मिळायला हवा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अंदाजे देऊ नका. बियाणं, खत, पाणी, मजुरी आणि घरच्या बाईचे दिवस, सगळं वहीत मांडा. घरच्या बाईचे दिवस बहुतेक हिशेबांत लिहिलेच जात नाहीत. ते लिहाल तेव्हाच खरा भाव कळेल.