जुनी वास्तु : पाडावी कीं राखावी?
(ज्युबिली-सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं नवें बांधण्याची उमेद सर्वांच्या मनांत आहे, आणि ती स्तुत्यच होय. परंतु आपली जुनी शाळा रिकामी पडली आहे. ती पाडावी कीं राखावी, याविषयीं दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे.

वास्तु केवळ दगडांच्या बळावर टिकत नाहीं. ती वापरानें टिकते. वसईच्या किल्ल्यांतील मंदिरें पाहा. १७३९ सालीं किल्ला मराठ्यांच्या हातीं गेला, तेथील उपासना थांबली, आणि आज कित्येक मंदिरांच्या छपराविना नुसत्या भिंती उरल्या आहेत. उलट रोमचें पँथिऑन घ्या. हेड्रियन बादशहाच्या काळीं पुरें झालेलें हें मूर्तिपूजकांचें देवालय ६०९ सालीं पोप चवथे बोनिफेस यांनीं पवित्र मरिया व रक्तसाक्षी यांस अर्पण केलें. तेव्हांपासून तें वापरांत राहिलें, म्हणूनच त्याचा सुमारें ४३ मीटर रुंदीचा घुमट आजहि उभा आहे. आपल्या जवळच, जुन्या गोव्यांत, सतराव्या शतकांतील सांता मोनिका मठाच्या मंदिरांत २००२ सालापासून ख्रिस्ती कलेचें संग्रहालय नांदत आहे.

मात्र राखणें जाणतेपणानें झालें पाहिजे. बॉम जेझूच्या बासिलिकेचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यांत आला. तेव्हांपासून सच्छिद्र जांभा दगड पावसाच्या माऱ्यास उघडा पडून झिजत आहे. जुन्या भिंतीवर सिमेंट थापणें हाहि तसाच अपाय. चुना भिंतींतील ओल बाहेर जाऊं देतो. सिमेंट ती कोंडून ठेवतें, आणि दगड आंतून भुगा होतो.

म्हणून माझी विनंति अशी : प्रथम जाणत्या इंजिनियराकडून शाळेची तपासणी करवावी. भिंती धड असल्यास पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावीं, पन्हळी साफ कराव्या, गिलावा चुन्याचाच करावा. मग तेथें वाचनालय, मुलांचा धर्मशिक्षणवर्ग व भगिनींचा शिवणवर्ग सुरू करावा. खाणींतून काढलेला दगड आणि तोडलेलें लाकूड एकदां पाडून टाकलें, कीं तो खर्च व श्रम पुन्हां नव्यानें करावा लागतो.

आपल्या वाडवडिलांनीं डोक्यावरून दगड वाहिले. त्या दगडांस पुन्हां मुलांचा आवाज ऐकूं यावा, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.