मधला शनिवार

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय 'ईस्टर आणि बालहस्तकला' असा छापलाय. त्यामुळे पुढच्या रांगेतल्या काही आज्या कात्री आणि घोटीव कागद घेऊनच आल्या आहेत, हे मला इथून दिसतंय. (हशा) ती कात्री पिशवीत ठेवा. आज कापाकापी नाही.

पार्श्वभूमी सांगत बसत नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 साली सुरू झालं, पुढे रेव्हरंड टिळक, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, हे सगळं याच व्यासपीठावरून माझ्याहून जाणत्या लोकांनी सांगितलंय. ईस्टरची तारीख दरवर्षी का हलते तेही सोडते. निकायाच्या परिषदेत 325 साली तारखेच्या भांडणावर तोडगा काढायचा प्रयत्न झाला. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार, असा साधारण हिशेब. भिंतीवर पंचांग असलेल्यांना चंद्राच्या हिशेबाचं काय नवल!

तर मुद्दा. मुलांना आपण झावळ्यांचा रविवार शिकवतो, गुरुवारचं पाय धुणं शिकवतो, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार शिकवतो. शनिवार कुणीच शिकवत नाही. शुभवर्तमानांतही त्या दिवसाबद्दल फारसं काही नाही. शब्बाथ होता, बायका घरी स्वस्थ राहिल्या, आणि मत्तय तेवढा कबरेवर पहारा बसवल्याचं सांगतो. माझं म्हणणं असं की हातांनी ईस्टर शिकवायचा असेल तर त्याचा कणा हा शनिवार आहे. हातांना काम द्यायचं, आणि मग एक दिवस ते काढून घ्यायचं.

हातांनी धर्म शिकवणं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. माँटेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये बालगृह काढलं. बार्सिलोनात त्यांनी मुलांच्या मापाचं प्रार्थनामंदिर करून पाहिलं. खुर्च्या लहान, वेदी लहान. इकडे ताराबाई मोडकांनी माँटेसरींची शिक्षणपद्धत मराठी अंगणात कशी रुजवली ते मी तुम्हाला सांगायला नको. रोममध्येच सोफिया कावालेत्ती या हिब्रूच्या आणि बायबलच्या अभ्यासक बाईंनी 1954 साली जियाना गोब्बी या माँटेसरी शिक्षिकेबरोबर लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायला सुरुवात केली. लाकडी मेंढपाळ, लाकडी मेंढरं, यरुशलेमची छोटी प्रतिकृती. मूल ते हाताळतं, पुन्हा जागेवर ठेवतं. घरी न्यायला काही मिळत नाही! आमच्या पालकांना हे कोण पटवणार? रविवारी पोरगं रिकाम्या हातानं बाहेर आलं की पहिला प्रश्न, 'आज काही केलं नाही?'

कावालेत्तींच्या परंपरेत एक दंडक आहे. लहान मुलाला येशूच्या मरणाची गोष्ट पुनरुत्थानापासून तोडून सांगायची नाही. एका गृहस्थांची आताच चिठ्ठी आली आहे, तीही याच रोखाची: 'चार वर्षांच्या मुलाला क्रूस दाखवायचा कशाला?' रागावून लिहिलंय. अक्षर कागदाच्या मागे उमटलंय. (हशा) काका, खिळे आणि काटे मीही मुलांच्या हातात देत नाही. अमेरिकेत बारा प्लास्टिकच्या अंड्यांची एक पेटी मिळते. एका अंड्यात चांदीची नाणी, एकात काटे, एकात खिळा, आणि शेवटचं रिकामं. ते रिकामं अंडं मला आवडतं. पण पोरं बारा अंडी दोन मिनिटांत फोडतात आणि रिकाम्या अंड्यावर 'यात काहीच नाही' म्हणून फेकून देतात. गोष्ट पुढे आहे, एवढं शुक्रवारीच सांगून टाकावं, हे मला मान्य. पण पुढची गोष्ट माहीत असूनही थांबावं लागतं. ते थांबणं तोंडी शिकवता येत नाही.

म्हणून मुलांबरोबर आम्ही येशूच्या कबरेची छोटी बाग करतो. ती साधी असते. एक जुनी परात, तीत माती. लहान मडकं आडवं पुरायचं, तोंड बाहेर, ती कबर. तोंडावर चपटा दगड. शेजारी काड्यांचे तीन क्रूस. इथेच आमच्या एका सहकारी बाईंची हकिकत सांगते. दोन मिनिटांत आटोपते.

त्यांनी कापसाची बाहुली करून फडक्यात गुंडाळली आणि शुक्रवारी मडक्यात ठेवली. शनिवारी रात्री गुपचूप काढून घेतली. हेतू चांगला, रविवारी मुलांना कबर रिकामी दिसावी. रविवारी दगड सरकवला, मुलं 'आऽऽ' करून बघत राहिली, बाई खूश. तेवढ्यात एक मुलगी खडू आणायला गेली आणि कपाटापाशीच उभी राहून ओरडली, 'बाई, येशू कपाटात आहे!' (हशा) थांबा, पुढे ऐका. उपासना सुटलेली, अंगणात मंडळी चहा पीत उभी, पाळकसाहेब हजर. पोरगी बाहुली हातात घेऊन सगळ्यांना दाखवतेय. बाई म्हणाल्या, अगं, ठेव ती. तर ती म्हणते, 'तुम्हीच रात्री चोरलात ना?' (मोठा हशा)

आता तुमच्यातल्या जाणत्यांना का हसू येतंय ते मला ठाऊक आहे. मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पहारेकऱ्यांना पैसे चारून नेमकं हेच बोलायला लावलंय, की रात्री आम्ही झोपलो असताना शिष्यांनी प्रेत चोरून नेलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा आरोप त्या पोरीनं कुणी न पढवता पुन्हा केला! पुढे त्यावर मंडळीच्या वडिलांची बैठक झाली. बाहुली ठेवावी की ठेवू नये, ठेवल्यास कुलूप कोणाकडे... असो, घड्याळाकडे बोट दाखवतायत. अध्यक्ष महाराज, बाहुलीची गोष्ट अर्धी ठेवता येत नाही.

निष्कर्ष एवढाच की प्रकल्पात जादूचे प्रयोग नकोत. आम्ही मडक्यात फक्त फडकं ठेवतो, मुलांनीच घडी घातलेलं. योहानाच्या वृत्तांतात रिकाम्या कबरेत तागाची वस्त्रं तेवढी उरतात. दगड रविवारी मुलंच सरकवतात. आपण गोष्ट करतोय हे त्यांना पक्कं माहीत असतं. आणि शुक्रवारी दुपारी मातीत अळीव पेरतो. पुष्कळ जण झावळ्यांच्या रविवारी पेरतात, म्हणजे ईस्टरला हिरवंगार दिसतं. फोटोला छान, पण ती सजावट झाली. शुक्रवारी पेरलेला अळीव शनिवारी नुसता बुळबुळीत तांबूस ठिपका असतो. घटाच्या मातीत उगवलं का म्हणून तासातासाला डोकावणारं पोर तुम्ही घरोघर पाहिलंय. तेच पोर इथे असतं, फक्त बोट लावायला बंदी.

शनिवारी मुलांना थोडा वेळ बोलावतो. गाणं नाही, रंग नाही. पाणीसुद्धा मीच शिंपडते. परातीभोवती उभं राहायचं, बघायचं, घरी जायचं. एक आई म्हणाल्या, 'रिक्षाचे पैसे घालून आलो आणि काहीच नाही?' म्हटलं, काहीच नाही, हेच.

रविवारी सकाळी काही दाण्यांना पांढरं टोक फुटलेलं असतं. आमच्या उकाड्यात बहुधा फुटतंच. आता कुणी म्हणेल, बी उगवणं हा निसर्ग, पुनरुत्थान म्हणजे ते नव्हे. खरंय. गव्हाच्या दाण्याचा दाखला येशूनंच दिलाय, तरी तो दाखलाच. चार वर्षांच्या मुलाला हा फरक मी सांगत नाही. आठव्या वर्षी ते स्वतःच विचारायला येतं.

पुन्हा घंटी. मेणबत्ती आणि झावळ्या राहिल्या, धावत सांगते. कॅथलिक मंडळींच्या पास्काच्या मेणबत्तीत पाच जखमांसाठी धुपाचे पाच खडे रोवतात, वर चालू वर्षाचे आकडे. घरी जाड मेणबत्ती घ्या, पाच लवंगा मुलालाच टोचू द्या. आधी दाभणानं भोकं पाडा, नाहीतर लवंगा मोडतात. झावळ्यांचे क्रूस फेकू नका. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारची राख जुन्या झावळ्यांचीच करतात. अंड्यांबद्दल बोलणारच होते. उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून ती साठत आणि ईस्टरला खाल्ली जात, एवढं ध्यानात ठेवा; रंग कांद्याच्या टरफलांचा छान येतो.

शेवटची चिठ्ठी: 'ईस्टर तर होऊन गेला, आता ही माहिती काय कामाची?' अहो, ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस चालतो, आपण अजून त्यातच आहोत. या शुक्रवारी परात काढा. अळीव किराणा दुकानात मिळतो, दोन चमचे पुरे. पाणी हातानं शिंपडा, ओतलंत तर बी एका कोपऱ्यात गोळा होतं. आणि शनिवारी परात उंच फडताळावर ठेवू नका, मुलाच्या हाताला येईल अशीच ठेवा.