हजेरी घेताना थांबावे
(न्यासाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आळंद येथे दिलेले व्याख्यान)



 रौप्यमहोत्सवाच्या प्रसंगी झालेल्या कार्याचा गौरव करावयाचा असतो आणि तो इतर वक्ते करतीलच. आम्ही शिक्षक मात्र आमच्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे ठेवणार आहोत. ती दुरुस्त कशी झाली, हे ऐकले म्हणजे न्यासाने पुढे काय करावे, याचा विचार आपोआप होईल.

काही वर्षांपूर्वी एका मुलाला त्याची आई व आजी आमच्या बालवर्गात घेऊन आल्या. मूल चार वर्षांचे. आजीच्या कडेवर होते. पाय ताठ आणि कातरीसारखे एकमेकांवर आलेले, मुठी वळलेल्या, तोंडातून लाळ गळत होती, शब्द स्पष्ट नव्हता. आम्ही गोड शब्दांत सांगितले, "आधी चालू लागू द्या, मग आणा." पुढल्या वर्षी आजी पुन्हा आली आणि आपल्या दखनी बोलीत म्हणाली, "चालायला शिकवणारे डॉक्टर आहेत. चार पोरांत बसायला कोण शिकवणार?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलाचे नाव पटावर चढले.

या अवस्थेस सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते व स्नायूंवरील ताबा बिघडतो. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी १८६१ साली अवघड बाळंतपणाशी तिचा संबंध दाखविला. पुढे कळले की कारणे आणखीही आहेत : अपुऱ्या दिवसांचा जन्म, नवजात बाळाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर. हा रोग संसर्गाने पसरत नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे, की कोणाची नजर नव्हे. मेंदूतील इजा वाढत जात नाही, परंतु व्यायाम व योग्य बैठक नसेल तर हातपाय आखडत जातात. काही मुलांची बुद्धीही मंद असते, पण पुष्कळांची नसते. बोलता येत नाही म्हणून समजत नाही, हा निष्कर्ष सर्वांत घातक होय.

आणि आम्ही नेमका तोच काढला. हजेरीच्या वेळी आम्ही नाव घ्यावे, मुलांनी "हजर" म्हणावे, असा परिपाठ. या मुलाचे नाव घेतले की तो नुसता पाहत राही. आम्ही खूण करून पुढे जात असू. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी पुढची तीन नावे झाल्यावर मागून घोगरा आवाज आला. वर्ग हसला. शेजारची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तो रोजच म्हणतो. तुम्ही थांबतच नाही."

भगिनींनो व बंधूंनो, आमच्या प्रशिक्षणाच्या पदवीपेक्षा त्या पाच वर्षांच्या मुलीच्या वाक्याने आम्हांस अधिक शिकविले. त्या मुलाला शब्द कळत होता. तो तोंडापर्यंत आणण्यास त्याच्या स्नायूंना वेळ लागत होता. आम्ही घाई केली, मोठ्याने बोललो, की त्याचे अंग अधिकच ताठ होई व शब्द अडे. दुसऱ्या दिवसापासून त्याचे नाव घेतल्यावर आम्ही मनात दहा अंक मोजू लागलो. आठव्या-नवव्या अंकाला "हजर" येई. वर्गही थांबायला शिकला.

पुढची व्यवस्था साधी होती. गावच्या सुताराने जुन्या बाकाच्या लाकडाची बुटकी खुर्ची केली. तिच्यात पाठ टेकते, गुडघे काटकोनात राहतात आणि तळपाय जमिनीला लागतात. धड स्थिर झाले तेव्हा हात मोकळे झाले. खडूला कापड गुंडाळून जाड मूठ केली. डबा खाताना मान सरळ, हनुवटी किंचित खाली, घास लहान, हे त्याच्या आईने आम्हांस शिकविले. पाणी, भूक, शौच, दुखते, नको, अशी चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवली. तो नजरेने किंवा मुठीने दाखवितो. आपल्या तालुक्यात मुलांच्या कानांवर कन्नड, उर्दू व मराठी या तिन्ही भाषा पडतात. चित्रांना मात्र भाषेची अडचण नाही.

रुळायला तीन महिने लागले. प्रथम आई शेजारी बसे आणि तासाभराने घरी नेई. मग ती दारात बसू लागली, मग ओसरीवर. एके दिवशी ती बाजारात जाऊन आली, तरी तो रडला नाही. घंटा वाजली की पूर्वी तो दचकून थरथरत असे. आता घंटेपूर्वी कोणीतरी मूल त्याला सांगते. तो अजून चालत नाही, आणि चालेलच असे वचन डॉक्टरांनी दिलेले नाही. पण त्याच्या नावाची हजेरी तोच देतो.

हा मार्ग थोरांनी पूर्वीच आखलेला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मुंबईच्या फातेमा इस्माईल यांनी आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर केवळ तिचे पाहिले नाही. १९४७ साली त्यांनी इतरांच्या मुलांसाठीही उपचाराची सोय केली. मिठू अलूर यांची कन्या मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी होती. शाळा सापडेना म्हणून त्यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली. तीच मालिनी पुढे उच्च पदव्या मिळवून लेखिका झाली. एका बोटाने टंकलेखन करून तिने लिहिलेले आत्मचरित्र २०१० साली प्रसिद्ध झाले.

कायदाही आता बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासनमान्य शाळांनी भेदभाव न करता अशा मुलांना प्रवेश द्यावयाचा आहे. २०२३ साली केंद्र सरकारने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांविषयी स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. परंतु कायदा उंबऱ्यापर्यंत आणतो. आत कडेवरून उतरवून खुर्चीत बसविणारे हात आपलेच लागतात.

म्हणून न्यासापाशी आमचे तीन अर्ज आहेत. बालवर्गाच्या पायऱ्यांशेजारी एक उतरण बांधावी. अशा मुलांच्या मापाच्या खुर्च्यांसाठी सुताराची मजुरी द्यावी. आणि व्यायामोपचारासाठी कलबुर्गीला वा सोलापूरला जाणाऱ्या आयांना गाडीभाडे द्यावे, कारण एका फेरीत त्यांची दिवसाची मजुरी बुडते. खर्च मोठा नाही.

चौथी गोष्ट न्यासाकडे नव्हे, आपणां सर्वांकडे मागतो. आपल्या गल्लीत असे मूल घरात ठेवलेले असेल, तर त्याच्या आजीला सांगा की बालवर्गाचे दार उघडे आहे. "आधी चालू लागू द्या," असे आता आम्ही म्हणणार नाही. नाव घेऊ आणि थांबू.