उसातली बिबटीण, मोबाइलवरचा खेळ

अधिवास उजाडला की प्राण्याचं काय होतं, हे दाखवणारा ‘एंडलिंग’ नावाचा व्हिडिओ गेम बार्सिलोनाच्या हेरोबीट स्टुडिओजने 2022 मध्ये काढला. त्यात खेळणाऱ्याने कोल्हीण व्हायचं आणि पिल्लं जगवायची.

असा खेळ पिंपळगाव बसवंतच्या पोरांना करायचा असेल, तर नायिका तयारच आहे : निफाड तालुक्यातल्या उसात राहणारी बिबट्याची मादी. उभा ऊस म्हणजे तिला आडोसा, पाणी आणि शिकारही. तोडणी लागली की रोज थोडं रान मोकळं होतं; खेळाचा नकाशाही तसाच आक्रसत जावा. फडात बछडे सापडले, तर वनविभाग ते क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतो आणि बहुतेकदा रात्री मादी येऊन त्यांना तोंडात धरून नेते. हा टप्पा मात्र ऊसतोड कामगार होऊन खेळावा : कोयता थांबवायचा, गर्दी हटवायची, बछड्यासोबत फोटो काढायचा मोह आवरायचा. यातला शेवटचा भाग सगळ्यांत अवघड! रात्रीच्या विजेवर पाणी भरायला निघालेला शेतकरीही खेळात हवाच. त्याची भीती खोटी नाही.

गोडोसारखं गेम बनवायचं साधन फुकट मिळतं. खरी कसोटी नियमांची. बिबट्या मारून गुण मिळाले, तर सगळं मुसळ केरात. आणि दुसऱ्या भागासाठी नांदूर मधमेश्वर आहेच, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ स्थळ.