शाकुहाची: श्वासाचे संगीत



‘ध्यानसंगीत’ या नावाने आज जे ऐकविले जाते ते आपल्या परिचयाचे आहे. उपाहारगृहांत, विमानतळांवर, दवाखान्यांच्या प्रतीक्षालयांत ते मंद आवाजात अखंड चालू असते. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात माझ्या निकटच्या आप्ताची शस्त्रक्रिया चालली असताना मी बाहेर बसलो होतो. भिंतीवरील ध्वनिक्षेपकातून वेळूच्या एका वाद्याचे स्वर येत होते. त्यांकडे कोणाचेच लक्ष नव्हते, आणि तसे ते जाऊ नये हीच त्या योजनेमागील अपेक्षा असावी. ते वाद्य कोणते हे मला पुढे कळले, तेव्हा मी काहीसा ओशाळलो. ती जपानची शाकुहाची होती, आणि अवधान हाच त्या वाद्याचा धर्म आहे.

शाकुहाचीची रचना साधी आहे. वेळूच्या मुळाकडील भागापासून ती घडवितात. तिला पुढे चार आणि मागे एक अशी पाच छिद्रे असतात. तिचे नाव लांबीवरून पडले आहे: एक शाकु आणि आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. आपली बासरी आडवी धरतात, ही उभी. वरच्या टोकाला तिरपा छेद असतो आणि त्याच्या धारेवर फुंकर घालावी लागते. नवशिक्याला प्रारंभी नुसता स्वरही साधत नाही. मान किंचित खाली नेली की स्वर उतरतो, वर उचलली की चढतो. सारांश, येथे केवळ बोटे वाजवीत नाहीत. सर्व देह वाजवितो.

एडो काळात (१६०३ ते १८६८) फुके नावाच्या झेन पंथाचे भिक्षू हे वाद्य वाजवीत गावोगाव भिक्षा मागत. त्यांना कोमुसो म्हणत. चेहरा पूर्ण झाकणारी, टोपलीसारखी विणलेली टोपी ते घालीत. जणू वादकाने श्रोत्यांपुढून स्वतःला पुसून टाकावे. त्यांच्या दृष्टीने शाकुहाची हे मनोरंजनाचे वाद्य नव्हते, ते साधनेचे उपकरण होते. या साधनेला ‘सुइझेन’, म्हणजे फुंकरीचे ध्यान, असे नाव आहे. किंको कुरोसावा (१७१० ते १७७१) याने ठिकठिकाणच्या मठांतील रचना एकत्र केल्या. त्याच्या परंपरेत अशा छत्तीस रचना मानल्या जातात. या रचनांना ‘होनक्योकु’ म्हणतात. त्यांत बहुधा बांधीव ठेका नसतो. एक श्वास हेच तेथील एक वाक्य. श्वास सरला की स्वर विरतो, आणि पुढचा श्वास येईपर्यंतची शांतताही रचनेचाच भाग असते. त्या अवकाशाला जपानी भाषेत ‘मा’ म्हणतात.

१८७१ साली मेइजी शासनाने फुके पंथ बंद केला. मठ गेले, वाद्य मात्र लौकिक संगीतात टिकून राहिले. १९६४ साली अमेरिकन क्लॅरिनेटवादक टोनी स्कॉट यांनी टोकियोत शाकुहाचीवादक होझान यामामोतो आणि कोतोवादक शिनिची युइझे यांच्यासह झेन ध्यानासाठी म्हणून एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. आजच्या ध्यानसंगीताच्या पूर्वजांत तिची गणना होते. त्या तिघांनी एकमेकांचे ऐकत वाजविले होते. पुढील अनुकरणांत शांततेचा आभास उरला. ऐकणे मात्र हळूहळू गळून पडले.

पार्श्वभूमीला असलेले सर्वच संगीत हीन असते, असे माझे म्हणणे नाही. आपला तंबोरा मागेच असतो. परंतु तो जुळविताना घोडीवरील तारेखाली सुताचा धागा केसाएवढा सरकवीत गायक जवारी शोधतो, तेव्हा त्याचे सारे चित्त त्या झंकारात असते. मागे असणे आणि दुर्लक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून प्रश्न असा, की ध्यानसंगीतात ध्यान करावयाचे कोणी? कोमुसोचे उत्तर स्पष्ट होते: वाजविणाऱ्याने. त्यात आपण एवढीच भर घालू शकतो: आणि ऐकणाऱ्यानेही. ते केवळ यंत्रावर सोपविता येत नाही.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा आवाज आहे, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच तबकडीवर गोरो यामागुची यांनी शाकुहाचीवर वाजविलेली, क्रौंच पक्ष्यांच्या घरट्याविषयीची रचनाही आहे. ती पाच मिनिटांहून किंचित कमी वेळाची आहे. आता आपण ती ऐकणार आहोत. प्रत्येक स्वराआधी वेळूत शिरणारा श्वास ऐकू येतो का, तेवढे पाहा. त्या दिवशी रुग्णालयात तो मला ऐकू आला नव्हता. वस्तुतः तेव्हा दाराच्या आत आणि बाहेर आम्हा सर्वांचे प्राण एका श्वासावरच अडकलेले होते.

शेवटचा स्वर थांबल्यावर कृपया लगेच टाळ्या वाजवू नयेत. ती शांतताही रचनेतलीच आहे.